एकच स्पीकरजोडी: गाणी, सिनेमा आणि बाबांच्या व्हीएचएस कॅसेटी

सातरस्ता
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

घर सोलापुरात विजापूर रोडला, हॉल बारा बाय पंधरा फूट. एका भिंतीला बाबांचं शोकेस. त्यात १९९०च्या दशकातला दोन चॅनलचा स्टिरिओ अँप्लिफायर, शेजारी दोन टॉवर स्पीकर, वर टर्नटेबल, खाली पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत) हाय-फाय (स्टिरिओ आवाजाचा) व्हीसीआर आणि डीव्हीडी प्लेअर. शिवाय पोटमाळ्यावर पत्र्याच्या दोन ट्रंका. त्या परवा उतरवून मोजल्या तर त्रेसष्ट व्हीएचएस कॅसेटी निघाल्या. लग्नं, मुंजी, गड्ड्याची म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, टीव्हीवरून रेकॉर्ड केलेले क्रिकेटचे सामने. बारशा-वाढदिवसांच्या व्हीसीडी वेगळ्याच.

मार्चमध्ये ५५ इंची टीव्ही घेतला. त्याच्या पाठीला पिवळं-लाल-पांढरं (चित्र आणि आवाजाच्या जुन्या वायरींचं) भोकच नाही! आता फाइव्ह पॉइंट वन (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) करायचं डोक्यात आहे. दुकानदार म्हणाला, जुना अँप काढून टाका, रिसीव्हर सगळं करतो. आईची अट वेगळीच: "पुढच्या भिंतीला दोन खांब आहेत तेवढे बस्स, चार केलेस तर मी मठ समजून दिवा लावीन." (टॉवरना ती खांबच म्हणते.) बाबा काहीच बोलले नाहीत. दुकानातून आल्यावर अँपवरची धूळ मात्र पुसून ठेवली.

तर प्रश्न: त्याच दोन टॉवरवर गाणीही आणि सिनेमाही, हे जमतं का? आणि कॅसेटी नव्या टीव्हीवर बघता येतील का, की व्हीसीआर आता शोभेचा?

उंटावरून
साऊंडबार घ्या. कॅसेटी पेनड्राईव्हवर टाका. ट्रंका भंगारात. पुढचा धागा.

सातरस्ता
@उंटावरून, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. पत्ता विचारत होते तुमचा.

हुतात्मा_एक्सप्रेस
अँप विकू नका हो. मी पुण्याला नोकरी करतो, शनिवार-रविवार सोलापूर. घरी नेमका हाच घाट घातलाय, त्यामुळे जरा लांबण लावतो.

रिसीव्हर म्हणजे एका डब्यात पाच-सात अँप, डिकोडर, रेडिओ आणि एचडीएमआयचा स्विच. किंमत या सगळ्यांत वाटली जाते, म्हणून त्याच पैशात निव्वळ दोन चॅनलचा अँप गाण्याला सरस वाजतो, हे नवल नाही. पण खरी गोष्ट आवाजाच्या दर्जाचीही नाही. वडील माणसाला रेकॉर्ड लावायची तर दोन खटके दाबून लागली पाहिजे. टीव्ही चालू करा, मेनूत जा, इनपुट शोधा, असं झालं की महिनाभरात टर्नटेबलवर फुलदाणी येते. नियम एकच धरा: रिसीव्हर बंद असतानाही गाणं लागलं पाहिजे. बाकीची सगळी जोडणी त्यातून आपोआप ठरते.

रिसीव्हर असा बघा की मागे पुढच्या डाव्या-उजव्या चॅनलचे 'प्री-आउट' असतील, म्हणजे दुसऱ्या अँपला द्यायचा कच्चा सिग्नल बाहेर काढणारी भोकं. स्वस्तातल्या मॉडेलला बहुधा फक्त सबवूफरचा असतो, म्हणून खोक्यावर नको, मागच्या बाजूचा फोटो बघून ठरवा. त्या प्री-आउटमधून दोन आरसीए (लाल-पांढऱ्या टोकांच्या) वायरी बाबांच्या अँपच्या इनपुटला. टॉवर कायम बाबांच्या अँपलाच. मधला आणि मागचे दोन स्पीकर रिसीव्हर ओढेल. सिनेमा लावला की दोन्ही चालू, गाणी लावली की एकटा जुना अँप. खांब दोनच, आईंची अट पूर्ण.

एक धोका ठळक करून सांगतो. एकाच स्पीकरला दोन अँपच्या वायरी एकत्र जोडायच्या नाहीत. एक बंद असला तरी नाही. चालू अँपचा करंट स्पीकरबरोबर दुसऱ्याच्या आउटपुटमध्येही शिरतो आणि ट्रान्झिस्टर जातात.

सातरस्ता
वाचून जीव भांड्यात पडला. अँपवर फोनो, ट्यूनर, सीडी, ऑक्स, टेप एवढे इनपुट आहेत. कुठेतरी 'एचटी (होम थिएटर) बायपास' वाचलं, तसलं काही नाही.

हुतात्मा_एक्सप्रेस
बायपास म्हणजे त्या इनपुटपुरतं अँपचं व्हॉल्यूमचं बटण मध्ये येत नाही, सगळा ताबा रिसीव्हरकडे. नसला तरी अडत नाही. ऑक्स वापरा आणि बटण एका ठरलेल्या जागी ठेवा, घड्याळाचा काटा अकरा-बारावर असतो तिथे. तिथे नेलपॉलिशचा ठिपका द्या. मग रिसीव्हरसोबत आलेला माइक लावून खोली मोजून घ्यायची, *बटण ठिपक्यावर असतानाच*. रिसीव्हर पुढच्या स्पीकरची पातळी बाकीच्यांशी जुळवून देतो. ती पातळी मोजमापाच्या टोकाला जाऊन टेकली, तर ठिपका थोडा अलीकडे-पलीकडे करून पुन्हा मोजा.

त्यानंतर सिनेमाच्या वेळी बटण ठिपक्यावर आणि आवाज फक्त रिसीव्हरच्या रिमोटने. गाण्याच्या वेळी उलट. गोची एकच: सिनेमा संपल्यावर बटण ठिपक्यावरच राहिलं आणि बाबांनी सिलेक्टर सीडीवर फिरवला, तर पहिल्याच ठेक्याला शेजारी दार वाजवतील. म्हणून सवय लावा, सिनेमा संपला की बटण शून्यावर.

चालू करताना आधी रिसीव्हर, मग अँप. बंद करताना आधी अँप. नाहीतर 'धप्प' असा आवाज येतो आणि तो वूफरला मानवत नाही.

पूर्व_भाग
जोडल्यावर स्पीकरमधून घूं आवाज आला तर घाबरू नका, शंभरातल्या नव्वद वेळा केबल टीव्हीची किंवा डिशची गोल वायर कारण असते. मी यंत्रमागांची वायरिंग करतो, अर्थिंगची दुखणी रोज बघतो. केबलवाल्याचं अर्थिंग वेगळं, तुमच्या घराचं वेगळं. दोन्ही टीव्हीत भेटतात, एचडीएमआयमधून रिसीव्हरमध्ये आणि तिथून आरसीएने अँपमध्ये. दोन अर्थिंगमधला फरक स्पीकरमध्ये ऐकू येतो. सेट टॉप बॉक्सची गोल वायर काढून बघा. आवाज गेला तर चोर सापडला. त्या वायरीवर आयसोलेटर मिळतो तो लावा. अर्थिंगची पिन कापायचा 'देशी उपाय' मात्र कोणी सांगितला तर त्याला घरात घेऊ नका. आणि सगळी उपकरणं एकाच सॉकेटवरच्या एक्स्टेंशनवर घ्या, फरक तिथेच बराच मिटतो.

आमच्याकडे सायजिंगच्या (सुताला खळ लावायच्या) मोटारी सुरू झाल्या की दिवे मिचकतात. तुमच्याकडे तसं नसेल, तरी व्हीसीआर आणि जुन्या अँपला स्टॅबिलायझर बरा.

कॅसेट_काकू
मंगळवार पेठेत आमची व्हिडिओ लायब्ररी होती, १९८६ ते १९९९. एका रात्रीला टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी असं भाड्याने जायचं, सायकलच्या कॅरिअरला बांधून. मशीन सकाळी परत आलं की हेड (टेप वाचणारा भाग) साफ करायचं काम माझ्याकडे. त्यामुळे ॲम्प्लिफायरचं तुम्ही बघा, कॅसेटचं मी सांगते.

पहिलं म्हणजे उत्साहाच्या भरात कॅसेट घालू नका! ट्रंकेतनं काढल्यावर खिडकीतनं आत बघा, रिळाच्या कडेला पांढरी भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. ती कॅसेट मशीनमध्ये गेली तर हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. सोलापूरची हवा कोरडी, कोकणाइतकं भय नाही आपल्याला. माझ्या भावाच्या रत्नागिरीच्या घरी निम्मा गठ्ठा गेला. पण आपला पोटमाळा मे महिन्यात भट्टी होतो की. त्रेचाळीस-चव्वेचाळीस बाहेर, पत्र्याखाली किती ते विचारू नका. टेप ताणली-आकसली की चित्राचा वरचा भाग झेंड्यासारखा वाकतो. ट्रंका आधी खाली आणा, खोलीच्या हवेत दोन दिवस राहू दे, कॅसेटी उभ्या ठेवा पुस्तकासारख्या.

मग प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे. वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली असते, ती सुटते. आधी बिनमहत्त्वाच्या कॅसेटवर मशीन तपासा, क्रिकेटच्या सामन्यावर. लग्नावर प्रयोग नको.

मशीन स्वतः: रबरी बेल्ट सैल झालेले असणार, पिंच रोलर (टेप पुढे सरकवणारं रबरी चाक) कडक. हेड ड्रम साफ करायचा तर कापसाची काडी नाही, तंतू अडकतात. शामी चामडं, आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि चामडं स्थिर धरून ड्रम हाताने *आडवा फिरवायचा*. वर-खाली घासलं की हेड तुटलं समजा. नवीन मिळत नाही बाबा आता. व्हीसीआर बनवणारी जपानमधली शेवटची कंपनी फुनाई, तिनेही २०१६च्या जुलैत बंद केलं.

सातरस्ता
काकू, साष्टांग नमस्कार. बाबा म्हणतायत तुमची लायब्ररी त्यांना आठवते, पण उशिरा परत केल्याचा दंड राहिलाय का ते विचारू नकोस.

कॅसेट_काकू
वही जपून ठेवलीय म्हणावं.

कडक_भाकरी
आता चित्राकडे या, कारण खरा घोळ तिथे होतो.

व्हीएचएस १९७६ साली जपानमध्ये आलं. आडवी बारकाई साधारण २४० रेघांची. आपलं पाल म्हणजे ६२५ रेघा, त्यातल्या दिसणाऱ्या ५७६, सेकंदाला ५० फील्ड. एक फील्ड एकाआड एक रेघांचं. जुना काचेचा टीव्ही हे जसंच्या तसं दाखवायचा. ५५ इंची पॅनलला मात्र दोन फील्ड जोडून आधी पूर्ण चित्र करावं लागतं आणि मग ते अनेक पट ताणावं लागतं. हे काम *कोण* करतो, त्यावर सगळं अवलंबून.

बाजारात पाचशे-सातशेला 'एव्ही टू एचडीएमआय' डबी मिळते. ती चालते, पण तीन खोडी करते. ४:३ चित्र ताणून १६:९ करते, नवरीचा चेहरा भाकरीएवढा. पन्नास फील्डचं साठ करून देते, म्हणजे कॅमेरा सरकला की चित्र अडखळतं. आणि पिवळ्या वायरीतून येणारे रंग आणि उजेड नीट वेगळे करत नाही, लग्नाच्या शालूच्या काठावर मुंग्या चालतात. घेतलीच तर पाल-एनटीएससीचं (एनटीएससी म्हणजे अमेरिका-जपानची पद्धत) बटण असलेली आणि ५० हर्ट्झ देणारी घ्या. गेम कन्सोलवाल्यांसाठी बनवलेले रेट्रोटिंकसारखे डबे महाग, पण काम चोख. व्हीसीआरला एस-व्हिडिओ आउटपुट असेल तर पिवळ्याऐवजी ते वापरा, त्यात उजेड आणि रंग वेगळ्या तारांतून येतात. साध्या व्हीएचएस मशीनला ते क्वचितच असतं, मागे चार बारीक भोकांचं गोल सॉकेट आहे का बघा.

काकू म्हणाल्या तसा वरचा भाग वाकत असेल तर एक जुगाड आहे. जुन्या डीव्हीडी *रेकॉर्डर*मधून सिग्नल नुसता पार करायचा, रेकॉर्ड न करता. पॅनासॉनिकचे ईएस१० आणि ईएस१५ त्यासाठी नावाजलेले. आत सिग्नलची प्रत्येक रेघ पुन्हा वेळेवर बसवली जाते. जुन्या बाजारात मिळाला तर सोडू नका.

हुतात्मा_एक्सप्रेस
डबी कशाला? रिसीव्हरला पिवळा इनपुट असतोच की. व्हीसीआर थेट रिसीव्हरमध्ये, एकच एचडीएमआय टीव्हीला, काम खलास.

कडक_भाकरी
असतो, पण सगळे रिसीव्हर आत आलेलं पिवळं एचडीएमआयवर *बदलून* देत नाहीत. काही जण पिवळं आत घेतात आणि पिवळंच बाहेर देतात, आणि टीव्हीला तर ते भोकच नाही. मॅन्युअलमध्ये 'व्हिडिओ कन्व्हर्जन' हे शब्द शोधायचे, दुकानदाराच्या मान डोलावण्यावर विसंबायचं नाही. एस-व्हिडिओ तर नव्या रिसीव्हरमधून केव्हाच गेलं. आणि बदलून दिलं तरी किती चांगलं देतो हा जुगारच. रिसीव्हर पाच वर्षांनी बदलला तर? व्हीसीआरचा डबा वेगळा असला की त्याचं काम कुठल्याही टीव्हीवर चालू राहतं.

हुतात्मा_एक्सप्रेस
मान्य. पाच वर्षांचा मुद्दा बिनतोड. मागे घेतो.

सातरस्ता
मी असं ठरवत होतो: व्हीसीआरचा फक्त पिवळा डबीला, लाल-पांढरा थेट बाबांच्या अँपच्या टेप इनपुटला. हाय-फाय आवाज, मध्ये कोणी नाही. बरोबर?

कडक_भाकरी
कागदावर छान दिसतं, ओठ जुळणार नाहीत. डबी आणि टीव्ही मिळून चित्र अनेक फ्रेम उशिरा दाखवतात. पालची एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, तीन फ्रेम उशीर झाला तरी भटजी आधी ऐकू येतात आणि मग तोंड उघडतात. थेट आलेल्या अ‍ॅनालॉग आवाजाला थांबवून धरायची सोय जुन्या अँपमध्ये नाही. म्हणून लाल-पांढराही डबीतच घाला, एचडीएमआयने रिसीव्हर, तिथून प्री-आउट, तिथून बाबांचा अँप. आवाज आणि चित्र एकत्र प्रवास करतात, वर थोडा फरक राहिला तर रिसीव्हरमधल्या 'लिप सिंक'ने भरून काढता येतो. टीव्हीवर त्या इनपुटला गेम मोड लावा, उशीर बराच कमी होतो.

हाय-फायबद्दल: दुकानातून विकत घेतलेल्या सिनेमाच्या कॅसेटवर तो असू शकतो. लग्नाच्या शूटिंगचा आवाज बहुतेकदा टेपच्या कडेला साध्या मोनो पट्टीवर. त्याला पाच स्पीकरवर पसरवू नका, नुसतं स्टिरिओ ठेवा. दोन टॉवरच्या मधोमध सनई ऐकू येईल, तेवढं पुरे.

उंटावरून
मी चेष्टा करत होतो हे आता जाहीर करतो, कारण धागा वाचून माझीही ट्रंक आठवली. व्हीसीडीचं काय? दादाच्या लग्नाची लावली तर वरमाला हातातच थिजली.

कडक_भाकरी
व्हीसीडीचं आयुष्य कॅसेटपेक्षा कमी निघेल बघा, आणि हे कोणाला पटत नाही. लग्नाच्या व्हीसीडी म्हणजे कॉम्प्युटरवर बर्न केलेल्या सीडी-आर, त्यातली रंगाची रसायनं उन्हाने विटतात. वर कागदी लेबल चिकटवलेलं असेल तर त्याचा गोंद आणखी ताप. शिवाय व्हीसीडीवर चित्राच्या डेटासाठी चूक सुधारायचा जादा थर, जो साध्या डेटा सीडीला असतो, तो नाहीच. तीच जागा चित्राला दिलीय. म्हणून छोट्या ओरखड्यालाही अडकते. चित्र ३५२ बाय २८८, त्याहून चांगलं होणार नाही. पण कॉपी मात्र हुबेहूब होते: कॉम्प्युटरमध्ये घाला, 'डॅट' फाइल कॉपी करा, व्हीएलसीमध्ये चालते. एका ड्राईव्हला वाचता आली नाही तर दुसऱ्यात घालून बघा, ड्राईव्हगणिक फरक पडतो. हे काम *या* आठवड्यात करा.

उंटावरून
आणि हॉल घुमतोय म्हणून आपली सोलापुरी चादर टांगली तर? जीआय मानांकनवाली?

हुतात्मा_एक्सप्रेस
हसू नका, करून पाहिलंय. एक चादर भिंतीला घट्ट लावली तर फक्त तीक्ष्ण आवाज थोडे मरतात, बाकी घुमणं तसंच. कापड पातळ, आणि भिंतीलगत हवेची हालचालच नसते. चादर दोन पदरी करून भिंतीपासून चार-पाच इंच पुढे टांगा, हजार हर्ट्झच्या आसपासही काम करू लागते. घुमणारा खर्ज चादरीच्या आवाक्यातला नाही. बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या जवळ एक गाठ बसते (तो खर्ज काही जागी फुगतो, काही जागी हरवतो), त्याला स्पीकर आणि सोफा पुढे-मागे करणं हाच उपाय. टॉवर कोपऱ्यातून एक-दीड फूट बाहेर ओढा.

आणि रिसीव्हर शोकेसच्या काचेआड कोंडू नका. आपला मे महिना लक्षात घ्या, वर वीतभर जागा मोकळी हवी.

सातरस्ता
*(तीन आठवड्यांनी)*
अपडेट. प्री-आउटवाला रिसीव्हर मागच्या वर्षीच्या मॉडेलचा, शोरूममधला डिस्प्ले पीस मिळाला. मागचे स्पीकर लहान घेतले, भिंतीवर. ठिपका लाल नेलपॉलिशचा, बहिणीचं. पहिल्यांदा मोजलं तेव्हा पुढचे स्पीकर टोकाला टेकले. बटण साडेदहावर आणून पुन्हा मोजलं, जमलं. घूं आवाज आला होता, केबलची गोल वायर काढली आणि गप्प! @पूर्व_भाग, पेढे तुमचे.

व्हीसीआरचे बेल्ट काकूंनी सुचवल्याप्रमाणे बदलून घेतले. एकोणीस कॅसेटी आतापर्यंत बघितल्या, दोनांवर बुरशी, त्या वेगळ्या पिशवीत. ४:३ ठेवलंय, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या, आई म्हणाली, "टीव्ही एवढा मोठा घेतलास आणि चित्र मधेच?" तिला ताणून दाखवलं, त्यात ती स्वतःच होती, लगेच म्हणाली राहू दे पट्ट्या.

काल १९९३ची गड्ड्याची कॅसेट लावली, अक्षता सोहळा (सिद्धेश्वराचं प्रतीकात्मक लग्न), सातही नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच काठ्या). पण आवाज फक्त डाव्या खांबातून येतोय. उजवा पूर्ण मुका. रेकॉर्ड लावली तर दोन्ही वाजतात. वायर तपासली.

कॅसेट_काकू
वायर नाही ती. ही मूळ कॅसेट नसणार, कोणाकडून तरी कॉपी करून घेतलेली. कॉपी करताना एकच वायर लावली की हाय-फाय पट्टीच्या एकाच बाजूला आवाज जातो. आम्हीही केलंय हे, घाईत. तुमच्या मशीनच्या रिमोटवर 'ऑडिओ' बटण असेल. दाबत जा, नुसता 'एल' आला की थांबा. डावा आवाज दोन्हीकडे जातो. नाहीतर 'नॉर्मल' करून बघा, कडेच्या पट्टीवरचा आवाज लागेल.

सातरस्ता
'एल'वर दोन्ही खांब बोलले. बाबांनी ते बटण कुठलं ते नीट बघून घेतलं. मी आंघोळीहून येईपर्यंत दुसरी कॅसेट आत होती, रिसीव्हर-अँपचा क्रम बरोबर, बटण ठिपक्यावर.

काकू, ते दंडाचं विचारतायत. वहीत किती आहे?

कॅसेट_काकू
अकरा रुपये. शिवाय एक कॅसेट रिवाइंड न करता दिली होती, त्याचे दोन वेगळे.